तोलून पाहिलेली गोळी

८ ऑगस्ट २०१०

प्रिय मामा,

हे फोनवर सांगता आलं नसतं. तुझा उजवा कान गेल्यापासून तू फोनवर इतका ओरडतोस की आपलं बोलणं समोरच्या गल्लीला पाठ होतं, आणि हे गल्लीला ऐकवण्यासारखं नाही. म्हणून पत्र. तुझं वजनकाट्यांचं दुकान उघडायच्या आधी सावकाश वाच.

नोकरीला लागून महिना झाला. आईला मी सांगितलंय की हृदयाच्या तपासणी केंद्रात लिहायचं काम आहे. ते अर्धंच खरं आहे. आमच्याकडे येणारे सगळे एचआयव्हीसह जगणारे लोक आहेत. आता त्यावरच्या गोळ्या इतक्या चांगल्या निघाल्यात की रोज घेतल्या तर रक्तात विषाणू शोधूनही सापडत नाही, आणि माणूस पुष्कळ वर्षं जगतो. पण आमच्या मोठ्या बाई (केंद्राच्या मुख्य डॉक्टर, सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणतात) म्हणतात की माणूस म्हातारा व्हायच्या आधी त्याचं हृदय म्हातारं होतं. विषाणू कोपऱ्यात झोपलेला असला तरी शरीर त्याच्यावर पहारा देत राहतं, आणि वर्षानुवर्षांच्या त्या पहाऱ्याची धग रक्तवाहिन्यांना लागते. पन्नाशीच्या आत झटके येतात.

तर प्रश्न असा आहे की रक्तातली चरबी उतरवणारी एक साधी, जुनी गोळी या लोकांना रोज दिली तर त्यांची हृदयं वाचतील का? याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही. मामा, ‘अजून कुणालाच माहीत नाही’ हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा नोकरीच्या दुसऱ्या दिवशी ऐकलं. शाळा-कॉलेजात सगळं कुणाला तरी माहीतच असायचं, फक्त मला नसायचं. इथे मोठ्या बाईंनाही माहीत नाही, आणि त्या हे लाज न वाटता सांगतात. मला त्या दिवशी घरी जाताना रस्ता वेगळाच दिसला.

ठरवायची रीत अशी. दोन हजार माणसं, अनेक केंद्रं. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली ते संगणक ठरवतो. बाटलीवर नुसता आकडा. घेणाऱ्याला कळत नाही, देणाऱ्यालाही कळत नाही. कळलं तर मन पारड्यावर हात ठेवतं, असं बाई म्हणाल्या. मला लगेच तू आठवलास.

माझं काम म्हणजे संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, मगच सही घ्यायची. त्या पत्रात आधी ‘निष्क्रिय प्रतिरूप औषध’ असं लिहिलेलं होतं. ते वाचलं की लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांच्यावर मंत्र टाकतेय. मी सुचवलं, ‘रिकामी गोळी’ म्हणू या. संमतीपत्रं तपासणाऱ्या समितीने मान्य केलं. माझा शब्द छापून आलाय, मामा. आपल्या घरातला पहिला.

आईला कधी ना कधी कळेल आणि ती मला परत ये म्हणेल. शेजारी बसून, एका कपातून चहा पिऊन काही होत नाही हे तिला तूच समजावू शकतोस. ती तुझंच ऐकते.

तुझी
पावकिलो


१९ ऑगस्ट २०१०

पावकिलो,

पदवीधर झालीस तरी हेच नाव राहणार. जन्मलीस तेव्हा तुला मीच काट्यावर घातलं होतं. दोन किलोला पावकिलो कमी भरलीस, आणि सुईण म्हणाली काटाच बिघडलाय. माझा काटा. त्या बाईशी मी पुढे कधी बोललो नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पारड्यावर हात न ठेवण्याची ही रीत मला फार आवडली. चाळीस वर्षं काटे दुरुस्त करतोय. दुकानदाराचा हात कुठे असतो तिकडे बघायची सवय मोडत नाही. इथे तर डॉक्टरच आपले हात मागे बांधून उभे राहतात म्हणतेस. मला वाटलं नव्हतं जगात कुणी असं करत असेल.

माझे काही प्रश्न आहेत. बाटल्या अदलाबदल झाल्या तर? मधेच कुणी मेलं तर तुम्ही कसं धरता? वय किती लागतं? आणि ज्याला ही लागण आहे पण जो वेळेवर गोळ्या घेतो आणि बाकी धडधाकट आहे, असा बावन्न वर्षांचा, एका कानाने बहिरा माणूस चालतो का?

आता श्वास घे.

सहा वर्षं झाली. रक्तदाबाच्या म्हणून तुम्हाला माहीत असलेल्या माझ्या गोळ्या त्या लागणीच्या आहेत. तुझी मामी न्युमोनियाने गेली असं आपण सगळ्यांना सांगितलं. न्युमोनिया होताच, पण तो कशामुळे झाला ते मी सांगितलं नाही. तिच्यानंतर वर्षभराने गोळ्या आमच्या सरकारी दवाखान्यात आल्या. एक वर्ष. पहिल्या दिवशी गोळी हातात घेतली तेव्हा एवढीशी गोष्ट आणि तिच्यासाठी वर्षभर उशिरा, असं वाटून मी दवाखान्याच्या पायरीवरच बसून राहिलो होतो. लागण कुणाकडून कुणाला, ते विचारू नकोस. आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही, आणि तुझ्या नोकरीचंही मी तिला ‘हृदयाचं काम’ एवढंच सांगेन. आपण दोघं आता एकाच गोष्टीबद्दल तिच्याशी लबाडी करणार. बघ, शिकून काय मिळवलंस.

मामा


२७ ऑगस्ट २०१०

प्रिय मामा,

पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. संडासात जाऊन रडले. बाहेर आले तर शिंपीणबाई (आमच्या पहिल्या सहभागी, हातशिलाई इतकी बारीक करतात की टाका दिसत नाही) म्हणाल्या, डोळ्यांत काय गेलं? मी म्हटलं, धूळ. त्या म्हणाल्या, या खोलीत धूळ असती तर मोठ्या बाईंनी तिच्याकडूनही संमतीपत्र भरून घेतलं असतं.

मामीबद्दल मी काही लिहीत नाही. मला लिहिता येत नाही.

आता तुझं. माझ्या केंद्रात तुला येता येणार नाही, नात्यातलं कुणी चालत नाही. पण तुझ्यापासून दोन तासांवर जे मोठं रुग्णालय आहे तिथे हाच अभ्यास ऑक्टोबरात सुरू होतोय. तुझ्या प्रश्नांची उत्तरं तिथे मिळतीलच. तरी शेवटच्या प्रश्नाचं माझ्याकडून घे: चालतो. मामा, तुझ्यासारख्या माणसाने यावं असं मला मनापासून वाटतं. खरी गोळी मिळाली तर तुझं हृदय वाचेल. रिकामी मिळाली तरी दर चार महिन्यांनी कुणीतरी तुझं हृदय तपासत राहील, जे आज कुणीच तपासत नाही. आणि दोन्हींतलं काहीही झालं तरी पुढच्या लाखो लोकांना उत्तर मिळेल.

मी हे नोकरी म्हणून लिहीत नाहीये. नीट विचार कर, पण ये.

तुझी
पावकिलो


१४ नोव्हेंबर २०१०

पावकिलो,

आलो. नऊ तारखेला सही केली. संमतीपत्र वाचणारा मुलगा घाईत होता, म्हणून मी त्याला परत पहिल्या पानापासून वाचायला लावलं. तुझा शब्द आला तिथे मी त्याला म्हटलं, हा शब्द चांगला आहे. तो म्हणाला, हो का.

मग मानेवर गार लोणी लावल्यासारखं काहीतरी फासलं आणि पडद्यावर माझी रक्तवाहिनी दाखवली.  आत नदीसारखं चाललंय. बावन्न वर्षं चाललंय, मी झोपलेला असतानाही, भांडत असतानाही, तुझ्या मामीला खांदा दिला त्या दिवशीही. आणि मी काट्याचं पारडं जरासं हललं तर नवल करणारा माणूस. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, बघतोय.

बाटली घेऊन आलो. रोज सकाळी नऊला एक. आणि ऐक, माझी खरी आहे. कसं कळलं ते विचारू नकोस. कळलं.

मामा


५ डिसेंबर २०१०

प्रिय मामा,

‘माझी खरी आहे’ असं आमच्याकडे दर तिसरा माणूस म्हणतो. कुणाला भूक वाढल्यासारखी वाटते, कुणाला झोप. शिंपीणबाई म्हणतात त्यांची नक्की रिकामी, कारण त्यांच्या नशिबात भरलेलं काही कधी आलंच नाही. मला तुझा आशावाद आवडतो, पण तो मनातच ठेव, डॉक्टरांना सांगू नकोस. आणि छातीत काहीही वाटलं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत, तर गोळी खरी की रिकामी याचा विचार न करता लगेच जायचं. संमतीपत्राचं पाचवं पान. मला ते पाठ आहे आणि आता तुलाही हवं.

परवा मला रक्ताचे नमुने ठेवायची खोली दाखवली. उणे ऐंशी अंशांच्या कपाटांत हजारो छोट्या नळ्या. मोठ्या बाई म्हणाल्या, यातले काही प्रश्न असे आहेत जे अजून कुणी विचारलेलेही नाहीत, पण उत्तर आधीच इथे येऊन बसलंय. देणारे लोक रोज सकाळी उपाशीपोटी येतात, हात पुढे करतात, आणि बसचं तिकीट जपून ठेवत निघून जातात. मी त्या खोलीच्या दारात चप्पल काढली. बाई हसल्या, पण घाल म्हणाल्या नाहीत.

तुझी
पावकिलो


२९ मार्च २०१३

पावकिलो,

तुझी चार पत्रं उत्तराविना पडलीत. रागावू नकोस. पाठ धरली होती. वीस किलोचं वजन उचलताना लचक भरली, त्याने आठ-दहा दिवस गेले. शिवाय धान्याच्या गोदामाचा मोठा काटा बिघडला म्हणून बाहेरगावी होतो. तुझ्या आईलाही तेच सांगितलंय. अक्षर वाकडं आलंय ते पाठीमुळे.

तू खातेस ना वेळेवर?

मामा


११ एप्रिल २०१३

प्रिय मामा,

हे पत्र मी कसं लिहू ते मला कळत नाही, म्हणून जसं झालं तसंच सांगते.

कुठल्याही केंद्रावर कुणाला काही गंभीर झालं की त्याचा अहवाल सगळ्या केंद्रांना येतो. नाव नसतं, गाव नसतं. एक आकडा, वय, आणि चार ओळी. परवा एक आला. पुरुष, पंचावन्न वर्षं. हृदयविकाराचा झटका. ‘सहभागीने छातीतील दुखण्याकडे दोन दिवस दुर्लक्ष केले. विचारल्यावर त्याने सांगितले की आपली गोळी खरी असल्याची त्याला खात्री होती, म्हणून दुखणे वजन उचलल्याने आले असावे असे वाटले. खात्री कशी, असे विचारता तो म्हणाला की गोळी रिकामी असती तर हलकी भरली असती, आणि त्याने ती तोलून पाहिली होती.’

मी तो कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, हा मी वाचायला नको होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागद ठेवून घेतला.

हा माणूस कोण ते मला माहीत नाही. माहीत असलं तरी नसायला हवं. म्हणून मी तुला काही विचारत नाही. तुला फक्त एक माहिती देते, जी मी अडीच वर्षांपूर्वी द्यायला हवी होती. खऱ्या गोळीतही औषध चिमूटभरच असतं. बाकी सगळं भरताड, पिठासारखं. दुसऱ्या गोळीत ती चिमूट नसते, तेवढं वजन भरताडानेच भरून काढतात. ती रिकामी नसते, मामा. ती हलकी नसते. ‘रिकामी’ हा शब्द चुकीचा होता आणि तो माझा होता. समितीत मला टाळ्या मिळाल्या होत्या.

ज्या कुणाची ती पाठ आहे, त्याला सांग, एक भाची आहे जी तीन दिवस जेवली नाहीये.

पावकिलो


२२ एप्रिल २०१३

पावकिलो,

आधी जेव.

आता ज्याची पाठ आहे त्याचं ऐक. तो गाढव आहे, पण शिकलेलं गाढव नाही, एवढी सूट दे.

अडीच वर्षांपूर्वी बाटली घरी आणली त्याच दिवशी संध्याकाळी दुकान लावून घेतलं. चरबीची तीच गोळी औषधाच्या दुकानातून आणून ठेवली होती. सोनारांचा काटा माझ्याकडे दुरुस्तीला होता, श्वास टाकला तरी हलणारा. नाकाला रुमाल बांधला. या पारड्यात एक, त्या पारड्यात एक. काटा मधोमध उभा राहिला. रिकामा डबा भरलेल्या डब्याइतका कधी भरतो का? मी म्हटलं, झालं. डॉक्टरांना कळत नाही, संगणकाला विचारावं लागतं, आणि मी पाच मिनिटांत काढलं. सगळ्यांनी हात मागे बांधलेले आणि मी एकट्याने हळूच पारड्याला हात लावला. असल्या दुकानदारांना मी जन्मभर शिव्या घातल्यात.

म्हणून दुखलं तेव्हा गेलो नाही. खरी गोळी घेणाऱ्याला झटका कसा येईल? दोन दिवस शेक घेतला. तिसऱ्या दिवशी समोरच्या चष्मेवाल्याने मला जमिनीवर पाहिलं. हृदयाचा खालचा कोपरा आता हलत नाही. बाकीचं हृदय त्याच्या वाटचं काम करतं, असं डॉक्टर म्हणाले. जिने चढताना तेवढं कळतं. अभ्यासात राहायचं का, असं त्यांनी विचारलं. आता चरबीची खरी गोळी दवाखान्यातून मिळेलच, पण तपासण्या चालू राहतील. मी म्हटलं, राहतो. सुरुवात केलीय तर तोल लागेपर्यंत उठायचं नाही.

शब्द तुझा होता हे खरं. तोलायची खोड माझी होती. दोन्ही एकाच घरातल्या, काय करणार. तू तो शब्द बदल. आमच्या धंद्यात एका पारड्याच्या तळाला लाखेचा गोळा चिकटवतात, काटा सरळ यावा म्हणून. पासंग म्हणतात त्याला. तो स्वतः काही तोलत नाही, पण तो नसेल तर तोललेलं सगळं खोटं. चालतो का बघ.

तुझ्या आईला गोदामाचा काटाच सांगून ठेव.

मामा


३० सप्टेंबर २०१५

प्रिय मामा,

‘पासंग’ समितीत दोनदा मांडला, तुला सांगायचं राहिलं. अर्ध्या लोकांना शब्द माहीत नव्हता. उरलेल्या अर्ध्यांना वाटलं, ते कुणाच्या तरी पासंगाला पुरत नाहीत असं मी म्हणतेय. शेवटी नुसतं ‘औषध नसलेली गोळी’ ठरलं. साधं आहे. त्यात कुणाला काही तोलावंसं वाटणार नाही.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. अभ्यास मुदतीआधी थांबवलाय.

आमच्यावर आणखी एक, वेगळी समिती नजर ठेवते. जगात फक्त त्या पाच माणसांना बाटल्यांचे आकडे उघडून बघता येतात. त्यांनी मागच्या आठवड्यात कळवलं की उत्तर मिळालंय. औषध नसलेल्या गटात जिथे शंभर झटके आले, तिथे खऱ्या गटात पासष्ट. आता कळल्यावर अर्ध्या लोकांना औषधाशिवाय ठेवणं योग्य नाही, म्हणून आजपासून सगळ्यांना खरी गोळी. मोठ्या बाईंनी आम्हाला खोलीत बोलावून वाचून दाखवलं. वाचून झालं. बाहेर कुणीतरी खुर्ची ओढत होतं तेवढंच ऐकू येत होतं. पाच वर्षांपूर्वी जे जगात कुणालाच माहीत नव्हतं ते आता माहीत होतं, आणि ते ज्या क्षणी माहीत झालं त्या क्षणी मी त्या खोलीत होते. मामा, मी काट्यावाल्याची भाची, गणितात काठावर पास झालेली.

मग पाकिटं आली. प्रत्येकाला त्याची गोळी कुठली होती ते सांगायचं. शिंपीणबाईंचं पाकीट मी दिलं. औषध नसलेली. त्यांचं बोलणं खरं निघालं. मला वाटलं त्या काहीतरी टोमणा मारतील. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चहा न घेता निघून गेल्या.

तुलाही तुझ्या केंद्राकडून पाकीट येईल. त्यात काय आहे मला माहीत नाही. मी तुला ‘ये’ म्हटलं होतं. पाकीट उघडलंस की एक ओळ टाक. काहीही असलं तरी.

तुझी
पावकिलो


२ डिसेंबर २०१५

प्रिय मामा,

दोन महिने झाले. आईच्या फोनवरून कळतं की तू बरा आहेस, दुकान उघडतोस, पण मला तुझी एक ओळ नाही. म्हणजे पाकीट आलंय आणि त्यात काय आहे ते मला कळलं.

नवा अभ्यास सुरू होतोय, याच लोकांच्या हाडांबद्दल. सोमवारी एका बाईंना संमतीपत्र वाचून दाखवायला बसले. ‘अर्ध्या लोकांना’ इथपर्यंत आले आणि कागद खाली ठेवला. दुसऱ्या मुलीने पुढचं वाचलं. मी मोठ्या बाईंना सांगितलंय की मला नोंदींच्या कामावर टाका. त्यांनी महिन्याअखेरपर्यंत विचार करायला सांगितलंय.

रागावला असशील तर तसं लिही. न लिहिणं मला सोसत नाही.

पावकिलो


२० डिसेंबर २०१५

पावकिलो,

उत्तर दिलं नाही, कारण जे लिहीत होतो ते पाठवण्यासारखं नव्हतं. तीन कागद फाडले.

पाकिटातला कागद ठळक अक्षरात होता. ‘तुम्हाला देण्यात आलेल्या गोळीत औषध नव्हते.’ मला राग आला, खोटं कशाला लिहू. मांडीवर कागद घेऊन बसलो. अडीच वर्षं रोज सकाळी नऊला उभं राहून पीठ गिळलं, आणि हृदयाचा कोपरा घालवून बसलो. तुझ्यावर राग आला नाही असं लिहिणार होतो, पण आला. चार दिवस होता. तुझं ‘तुझ्यासारख्या माणसाने यावं’ हे पत्र काढून वाचलं आणि फेकायला म्हणून उठलोही. फेकलं नाही.

मग केंद्राने सगळ्यांना बोलावलं. जाणार नव्हतो, पण चष्मेवाला म्हणाला, मी येतो सोबत, जाऊ तर. (त्याला मागेच सगळं सांगून टाकलंय. त्यानेच मला उचललं होतं, त्याच्यापासून काय लपवायचं?) सभागृहात खुर्च्या, पन्नासेक माणसं. डॉक्टरांनी भिंतीवर एक चित्र दाखवलं. आडव्या रेघेवर काळ. ज्याने ज्या दिवशी सही केली तो त्याचा शून्य. आणि दोन रेघा, एक खऱ्या गोळीची, एक आमची. कुणाला झटका आला की त्याच्या गटाची रेघ एक पायरी वर चढते. सुरुवातीला दोघी हातात हात घालून चालतात. वर्षभराने बोटं सुटतात. मग आमची वर वर, त्यांची खालून, आणि शेवटी दोघींमध्ये माझ्या अंगठ्याएवढं अंतर.

मी हात वर केला. विचारलं, यातली माझी पायरी कुठली? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही, काका. मी म्हटलं, मग चित्राची एक प्रत द्या. दिली.

घरी आणून बाकावर पसरली. भिंग लावलं, पट्टी लावली. सही नऊ नोव्हेंबरची, पडलो तो अठरा मार्च. दोन वर्षं, चार महिने, नऊ दिवस. पट्टीने तेवढं अंतर मोजलं आणि सुई उभी धरून वरच्या रेघेपर्यंत नेली. तिथे एक पायरी आहे. ती माझीच याची शपथ घेणार नाही, खात्रीने एकदा फसलोय. त्याच दिवसाला दुसऱ्या कुणाचीही असेल. पण पायरी आहे. ती खोडली तर आमची रेघ केसभर खाली येते. असे केस जमून जमून अंगठ्याएवढं अंतर झालंय, आणि ते अंतर बघून आता जगभरचे डॉक्टर गोळी लिहून देणार.

पावकिलो, तुझी मामी गेली तेव्हा डॉक्टरांनी एक कागद फाइलला लावला आणि फाइल कपाटात गेली. तिच्या जाण्याने कुणाला काही कळलं नाही. कुणी काही विचारतच नव्हतं तर कळणार काय? मी तसाच, तीच लागण, आणि माझं दुखणं मात्र रेघेत बसलंय. दुपारभर मी त्या पायरीकडे बघत होतो. भीती वाटली म्हण, किंवा देवळात वाटतं तसं काही म्हण. भिंग हातातून ठेववेना.

तेव्हा नोंदींच्या कामावर जाऊ नकोस. संमतीपत्र वाच, आणि मोठ्याने वाच, मला बहिऱ्याला इथे ऐकू येईल असं. आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही हे आधी सांग, आणि पाचव्या पानावर हवा तेवढा वेळ थांब.

आता शेवटचं. काल तुझी आई आली, न सांगता. मी भिंग लावून बसलेलो. म्हणाली, दादा, कुठल्या जमिनीचा नकाशा काढलास? मला काहीतरी गोदामाचं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. नाही सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोन कप चहा गार झाले. तिने मधे एकदाच विचारलं, वहिनीलाही? मी हो म्हटलं.  तुझ्या नोकरीचंही सांगून टाकलंय. तुला फोन येईल, तो कानापासून लांब धर.

नंतर तिने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि म्हणाली, दाखव. मी सुई ठेवून दाखवलं, हे बघ, इथे मी. ती वाकून बघत राहिली. म्हणाली, हे तर तेव्हाचं झालं. आता कुठे आहेस?

मी पायरीवरून बोट उजवीकडे सरकवत नेलं. तीन वर्षं, चार, पाच. रेघ संपली. पुढे कोरा कागद होता, मग कागदाची कड आली, आणि बोट कागदावरून उतरून बाकाच्या लाकडावर आलं. तिथे थांबवलं.

“इथे,” मी म्हटलं.

मामा